पाळीव सरड्याचं घरातलं ऊन: सुरक्षित यूव्हीबी दिवा कसा निवडायचा आणि कसा लावायचा

पोपटी माझ्याकडे आली तेव्हा दीड वर्षाची होती. हिरवा इग्वाना, पण रंग उतरलेल्या पानासारखा. पुढचे पाय टेकवून अंग उचलायला गेली की ते थरथरायचे, आणि मग ती पोटावरच बसायची. डॉक्टरांनी तिची हनुवटी तळहातावर घेतली आणि खालच्या जबड्यावर बोट ठेवून हलकंच दाबलं. हाड कडक लागायला हवं, तिथे ते रबरासारखं आत गेलं. एक्स-रेमध्ये मणक्यांच्या कडा धूसर दिसत होत्या.

आधीच्या घरच्यांनी तिला जीव लावला होता. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये पूर्वेच्या खिडकीजवळ काचेची मोठी टाकी होती आणि रोज सकाळी त्यावर दोन तास ऊन यायचं. "ऊन तर भरपूर मिळायचं हो तिला," काकू अगदी रडवेल्या होऊन सांगत होत्या. खोटं काहीच नव्हतं त्यात. फक्त ते ऊन आधी खिडकीच्या आणि मग टाकीच्या काचेतून येत होतं. काचेतून उजेड येतो, ऊबही येते. हाडांना लागणारे यूव्हीबी किरण मात्र जवळजवळ सगळे काचेतच अडतात.

तेव्हापासून इग्वाना किंवा बिअर्डेड ड्रॅगन घरी आणणारं कुणी भेटलं, की मी पिंजऱ्याच्या आधी दिव्याचं विचारते. बहुतेक जण खोक्यावरचा आकडा सांगतात: "५.० आहे", "१०.० आहे", "१२ टक्क्यांचा आहे". त्या आकड्यावरून प्राण्याला काय मिळतंय ते कळत नाही. ते ठरतं त्याच्या पाठीवर, म्हणजे दिवा कुठला, किती अंतरावर, मध्ये काय आहे आणि प्रकाश कुठून येतोय यावर. पुढची सगळी मांडणी त्या पाठीपासून सुरू होते.

हे किरण करतात काय?

सूर्याच्या अतिनील (यूव्ही) किरणांचे तीन भाग मानतात. ३१५ ते ४०० नॅनोमीटर यूव्हीए, २८० ते ३१५ यूव्हीबी, आणि २८० च्या खाली यूव्हीसी. सरड्याच्या कातडीत एक कोलेस्टेरॉलसारखा पदार्थ असतो. त्यावर यूव्हीबी पडला की त्याचं ड जीवनसत्त्वाच्या आधीच्या रूपात रूपांतर होतं, आणि मग शरीराच्या उबेनं त्याचं डी३ बनतं. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचं रूप देतात आणि मग कुठे आतड्यातून कॅल्शियम रक्तात जातं. म्हणून यूव्हीबीची ट्यूब एका टोकाला आणि गरम जागा दुसऱ्या टोकाला, अशी मांडणी उपयोगाची नाही. ऊब आणि किरण एकाच जागी मिळायला हवेत, जसे उन्हात मिळतात.

डी३ कमी पडलं की रक्तातलं कॅल्शियम घटतं. ते टिकवण्यासाठी शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, पाठीला किंवा शेपटीला बाक येतो, बोटं फडफडतात, शेवटी झटके येतात. इग्वाना निव्वळ शाकाहारी. पाल्यात डी३ नसतंच म्हटलं तरी चालेल, त्यामुळे त्याची सगळी भिस्त कातडीवर.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. किरणांतून बनणाऱ्या डी३ ला निसर्गानं लगाम घातलेला आहे. कातडीत जास्तीचं तयार व्हायला लागलं की तेच किरण त्याचे निरुपयोगी पदार्थ करून टाकतात. तोंडावाटे दिलेल्या डी३ ला असा लगाम नसतो. ते जास्त झालं तर मऊ अवयवांत कॅल्शियम साचतं. म्हणून "दिवा कशाला, थेंब देऊ की" हा सल्ला मी कधीच देत नाही.

पहिली पायरी: आपल्या प्राण्याला किती ऊन लागतं?

दुकानात जाण्याआधी हे ठरवा. मोजमापाचं एकक आहे यूव्ही इंडेक्स, हवामानखात्याच्या अंदाजात असतो तोच. गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी जमैका आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या १५ जातींचे सरडे आणि साप रानात बघितले. प्राणी जिथे सापडला तिथला यूव्ही इंडेक्स नोंदवला आणि २०१० मध्ये त्यावरून चार गट मांडले. पुढे २०१६ मध्ये फ्रान्सिस बेन्स आणि ब्रिटन-आयर्लंडमधल्या प्राणिसंग्रहालयांतल्या मंडळींनी कितीतरी जाती या गटांत बसवल्या. आज जगभर हौशी लोक आणि डॉक्टर "फर्ग्युसन झोन" म्हणतात ते हेच.

पहिल्या गटात संधिप्रकाशात किंवा सावलीत राहणारे. त्यांना मिळणारा सरासरी इंडेक्स ०.७ पर्यंत. लेपर्ड गेको आणि क्रेस्टेड गेको या पाळीव पाली इथे. दुसऱ्या गटात अधूनमधून ऊन खाणारे, ०.७ ते १. तिसऱ्या गटात उघड्यावर किंवा अर्धवट उन्हात बसणारे, सरासरी १ ते २.६, आणि ऐन ऊन खाताना साधारण ३ ते ७ पर्यंत. हिरवा इग्वाना आणि बिअर्डेड ड्रॅगन दोघेही याच गटात. चौथ्यात भर दुपारी उन्हात बसणारे वाळवंटी युरोमॅस्टिक्ससारखे.

हे आकडे लक्ष्य म्हणून डोळे मिटून गाठायचे नाहीत. इग्वाना आणि ड्रॅगनसाठी मी ऊन खाण्याच्या जागी, पाठीच्या उंचीवर ३ ते ५ धरते आणि तिथून पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला शून्यापर्यंत उतार ठेवते. लेपर्ड गेकोला अर्धा ते एक पुरे. रंग फिका असलेले, अल्बिनो किंवा पारदर्शक कातडीचे प्रकार असतील तर आकडा खाली ठेवा. त्यांच्या कातडीत आणि डोळ्यांत किरण अडवणारं रंगद्रव्य कमी असतं.

इथेच कायद्याचं सांगून टाकते. घोरपडीसारखे आपल्याकडचे रानटी प्राणी घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे; त्यांच्यासाठी दिवा शोधू नका, वनखात्याला कळवा. हिरवा इग्वाना परदेशी, पण तो साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, आणि अशा परदेशी प्राण्यांची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. कागद नसलेला प्राणी विकत घेऊ नका.

दुसरी पायरी: दिव्याचा प्रकार

माझा कौल स्पष्ट आहे: घरातल्या बहुतेक सगळ्या सरड्यांसाठी लांब ट्यूब, आणि त्यातही टी५ एचओ, म्हणजे 'हाय आउटपुट', जास्त ताकदीची. ही ट्यूब बोटाएवढी बारीक असते, १६ मिलिमीटर व्यासाची. २४, ३९ आणि ५४ वॉटमध्ये मिळते. लांबी अनुक्रमे साधारण ५५, ८५ आणि ११५ सेंटीमीटर. प्रकाश लांबीभर पसरतो, त्यामुळे प्राण्याचं सगळं अंग उजेडात येतं आणि एकाच जागी झोत पडत नाही. आर्केडिया आणि झू मेड या दोन कंपन्यांच्या ट्यूब आपल्याकडे मागवून मिळतात. इग्वाना आणि ड्रॅगनसाठी १० किंवा १२ टक्क्यांची, गेकोसाठी ५ ते ७ टक्क्यांची. लांबी पिंजऱ्याच्या निम्मी ते दोन तृतीयांश. उरलेला भाग सावलीसाठी मोकळा.

खोक्यावरची टक्केवारी म्हणजे ट्यूबच्या प्रकाशात यूव्हीबीचा वाटा. प्रकाश एकूण किती, ते त्यात येत नाही. म्हणून १० टक्क्यांची जुन्या पद्धतीची टी८ ट्यूब आणि १० टक्क्यांची टी५ एचओ यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. टी८ वाईट नाही, पण तिचा आवाका कमी. प्राणी २०-२५ सेंटीमीटरच्या आत येत असेल तरच ती कामाची. बुटक्या टाकीतल्या लेपर्ड गेकोला ती छान चालते.

पिळाचे किंवा नळ्यांचे कॉम्पॅक्ट बल्ब साध्या होल्डरमध्ये बसतात आणि स्वस्तही असतात, त्यामुळे दुकानदार आधी तेच पुढे करतो. त्यांचा यूव्हीबी एका लहानशा वर्तुळात असतो. इग्वानाचं डोकं त्यात आलं तरी पाठ बाहेर राहते. लहान पिल्लाला तात्पुरता ठीक, वाढत्या जनावराला नाही.

मर्क्युरी व्हेपर बल्ब ऊब आणि यूव्हीबी एकत्र देतो. ऐकायला सोयीचं आहे, पण आपल्याकडच्या विजेला तो सोसत नाही. व्होल्टेज पडलं की विझतो आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. त्याला डिमर किंवा थर्मोस्टॅट लावता येत नाही, म्हणजे एप्रिल-मे महिन्यात पिंजरा तापला तर उष्णता कमी करायची म्हणून यूव्हीबीही बंद करावा लागतो. ऊब आणि यूव्हीबी वेगवेगळ्या दिव्यांतून घ्यावेत हे मला अनुभवानं पटलंय. मेटल हॅलाइड तेजस्वी आणि चांगले, पण वेगळा चोक आणि मोठा पिंजरा मागतात. यूव्हीबीच्या एलईडी पट्ट्याही आता यायला लागल्यात. मीटर हातात असल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

काय घ्यायचं नाही

हा भाग दोनदा वाचा. जमिनीपर्यंत पोचणाऱ्या उन्हात साधारण २९० नॅनोमीटरच्या खालचं काही नसतं. ओझोनचा थर ते वरच्यावर शोषतो. कुठल्याही सरड्याच्या डोळ्यांना त्याखालच्या किरणांची सवय नाही. २००७ च्या आसपास बाजारात काही दिवे असे आले होते की त्यांच्यातून या अनैसर्गिक आखूड लांबीचे किरण निघायचे. ते वापरणाऱ्या घरांत प्राण्यांचे डोळे सुजले, मिटले, त्यांनी खाणं सोडलं. दिवा काढल्यावर बरेचसे काही दिवसांत सावरले. यूव्हीबी जास्त असणं हा एक धोका, आणि चुकीच्या लांबीचे किरण असणं हा त्याहून मोठा. दुसरा धोका कमी ताकदीच्या दिव्यातूनही होऊ शकतो. म्हणूनच जो उत्पादक आपल्या दिव्याच्या किरणांचा आलेख दाखवत नाही, त्याचा दिवा स्वस्त असला तरी घेऊ नका.

कोविडनंतर निर्जंतुकीकरणाच्या "यूव्ही ट्यूब" सगळीकडे दिसायला लागल्या. पाण्याच्या प्युरिफायरमध्येही तीच असते. ती २५४ नॅनोमीटरची, म्हणजे यूव्हीसी. सरड्यावर ती लावली तर डोळे आणि कातडी दोन्ही भाजतील. तुमचेही. डास मारायच्या यंत्रातली निळी ट्यूब, नोटा तपासायचा दिवा, नखं वाळवायचा दिवा हे सगळे यूव्हीएचे, त्यांचा हाडांना काही उपयोग नाही. झाडांसाठीचे जांभळे "फुल स्पेक्ट्रम" एलईडी, मत्स्यालयाचे दिवे, यांतही यूव्हीबी नसतो. आणि कोडावर किंवा सोरायसिसवर उपचाराची ३११ नॅनोमीटरची ट्यूब कुणी "हीसुद्धा यूव्हीबीच" म्हणून देऊ करेल. ती एका अरुंद पट्ट्यात तीव्र किरण देते, उन्हासारखी नसते. नको.

परदेशातून कुणी दिवा आणणार असेल तर व्होल्टेज बघा. अमेरिकेतले मर्क्युरी आणि कॉम्पॅक्ट बल्ब १२० व्होल्टचे असतात, आपल्या २३० व्होल्टवर लावले की गेले. नुसती टी५ ट्यूब आणली तर चालते, कारण तिचा कारभार चोककडे असतो.

तिसरी पायरी: चोक आणि पट्टी

इथे माझी पहिल्यांदा फसगत झाली होती. मी ट्यूब घेऊन कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले आणि "टी५ ची पट्टी द्या" म्हटलं. मिळाली ती एलईडीची. आपल्याकडे दुकानात आता टी५ म्हटलं की सरसकट एलईडीची बंद पट्टी देतात. त्यात ट्यूब बदलायची सोयच नसते. दुसऱ्या दुकानात जुन्या साठ्यातली खरी टी५ पट्टी निघाली, पण ती २८ वॉटची. काकांनी माझ्या हातातली ट्यूब घेतली, चष्मा कपाळावर सरकवून टोकाची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, "ताई, ही ५४ ची आहे. लांबी सारखीच आहे म्हणून बसेल, पेटेलही. पण अर्ध्या पोटावर चालेल." काका बरोबर होते. २८ आणि ५४ वॉटच्या ट्यूबची लांबी एकच असते, चोक वेगळा लागतो. उजेड बघून कळलंही नसतं, आणि पोपटीला पुन्हा निम्माच यूव्हीबी मिळाला असता.

तेव्हा मागताना असं मागा: "टी५ एचओ, ५४ वॉटचा इलेक्ट्रॉनिक चोक", आणि चोकवर छापलेला वॉटचा आकडा ट्यूबवरच्या आकड्याशी ताडून घ्या. शक्य असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी बनवलेली रिफ्लेक्टरसकट पट्टीच घ्या. रिफ्लेक्टर, म्हणजे ट्यूबच्या मागची चकचकीत ॲल्युमिनियमची पन्हळ, वाया जाणारा प्रकाश खाली वळवते. चांगल्या रिफ्लेक्टरनं खाली मिळणारा यूव्हीबी दुपटीच्या जवळ जाऊ शकतो. पट्टीवर प्लास्टिकचं पारदर्शक झाकण असेल तर काढून टाका, ते यूव्हीबी अडवतं. पिंजऱ्यात फवारणी करत असाल तर टोकांना पाण्यापासून वाचवणाऱ्या रबरी टोप्या हव्यात आणि अर्थिंग हवंच.

विजेचं बिल विचारणाऱ्यांसाठी: ५४ वॉटची ट्यूब रोज बारा तास लावली तर महिन्याला साधारण वीस युनिट होतात.

चौथी पायरी: अंतर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश सांगते.

दिवा नेहमी डोक्यावर. सरड्याच्या डोळ्यावर भुवईसारखा उंचवटा असतो, त्याची सावली बुबुळावर पडते. सूर्य वरून येतो म्हणून ती रचना. दिवा बाजूच्या भिंतीवर लावला की किरण थेट डोळ्यात जातात. इग्वाना आणि ड्रॅगनच्या टाळूवर उजेड ओळखणारा एक "तिसरा डोळा"ही असतो, त्यालाही उजेड वरूनच लागतो. ऊब देणारा दिवा ट्यूबच्या शेजारीच लावा, म्हणजे ऊन खायच्या फांदीवर दोन्ही एकत्र पडतील. इग्वानासाठी त्या फांदीवर ३५ ते ३८ अंश सेल्सिअस धरा.

मग जाळी. इग्वाना सगळीकडे चढतो, तापलेल्या दिव्याला मिठी मारायलाही कमी करत नाही. म्हणून दिवे जाळीच्या बाहेर किंवा जाळीच्या कवचात हवेत. पण जाळी किरण खाते, आणि किती खाते ते तिच्या विणीवर आहे. डासांची बारीक जाळी सगळ्यात वाईट. मोठ्या भोकांची, बारीक तारेची वेल्डमेश सगळ्यात बरी.

मी मोजमाप केलं तो दिवस सांगते, म्हणजे अंदाज येईल. दिवा अर्धा तास आधी लावून ठेवला, कारण ट्यूब तापल्याशिवाय आकडा स्थिर होत नाही. एका मित्राकडून सोलरमीटर ६.५ आणला होता. हे रिमोटएवढं यंत्र थेट यूव्ही इंडेक्स दाखवतं. पोपटीला दुसऱ्या खोलीत ठेवलं, फांदीवर तिच्या उंचीएवढं, दहा सेंटीमीटरचं पुस्तक ठेवलं आणि त्यावर मीटरचं तोंड दिव्याकडे करून धरलं. ५४ वॉटची १२ टक्क्यांची ट्यूब, रिफ्लेक्टर, मध्ये जाळी, अंतर २५ सेंटीमीटर: ४.१. जाळी बाजूला केली, तिथेच ६.५. जाळीसकट ३५ सेंटीमीटरवर २.७, अर्ध्या मीटरवर १.४. टोकाच्या कोपऱ्यात, पानांच्या मागे, ०.१.

हे आकडे माझ्या पिंजऱ्याचे. तुमची जाळी, तुमचा रिफ्लेक्टर वेगळा असेल. पण त्यातून तीन गोष्टी दिसतात. दहा सेंटीमीटरनं आकडा तिसऱ्या हिश्शानं उतरतो. नुसत्या जाळीनंही तितकाच उतरतो. आणि अंतर मोजायचं ते फांदीपासून नव्हे, पाठीपासून. पूर्ण वाढलेली इग्वाना फांदीवर बसली की तिची पाठ बरीच वर येते आणि मान उंचावली की डोकं त्याहून वर. ज्या उंचीपर्यंत तिचं डोकं पोचू शकतं, तिथेही आकडा ७ च्या पुढे जाऊ देऊ नका.

मीटर नसेल तर उत्पादकाच्या तक्त्यावरून सुरुवात करा. टी५ एचओ १२ टक्के, रिफ्लेक्टर, मध्ये जाळी नाही, प्राणी इग्वाना किंवा ड्रॅगन: पाठीपासून ३५ ते ४० सेंटीमीटर. जाळी असेल तर २५ ते ३०. आधी लांबचं टोक धरा आणि प्राण्याकडे बघत जवळ या. मीटर महाग आहे हे खरं, पण तो रोज लागत नाही; पाच-सहा जणांत एक घेतला तरी वर्ष निघतं. यूव्ही पडल्यावर रंग बदलणाऱ्या कार्डांवर विसंबू नका, ती यूव्हीएलाही रंग बदलतात. फोनवरचं यूव्ही ॲप तर बाहेरच्या हवामानाचा अंदाज सांगतं, तुमच्या दिव्याचा नाही.

सावली द्यायला विसरू नका. प्राण्याला उजेडातून पूर्ण बाहेर जाता आलं पाहिजे, आणि तेही ऊब न सोडता. सरडे यूव्हीए डोळ्यांनी बघू शकतात आणि ऊन पुरेसं झालं की स्वतःहून बाजूला होतात. ती मोकळीक दिली, तर तुमच्या मोजमापातली थोडी चूक तो स्वतः सांभाळून घेतो.

पहिले पंधरा दिवस

जो प्राणी महिनोन्महिने यूव्हीबीशिवाय राहिला आहे त्याला एकदम बारा तास देऊ नका. पोपटीला पहिल्या आठवड्यात रोज दोन-तीन तास दिले, मग वाढवत नेले. नवी ट्यूब सुरुवातीचे शंभरेक तास जरा जास्तच तेज असते, म्हणून पहिल्या दिवसांत दिवा थोडा उंच ठेवलेला बरा.

रोज डोळे बघा. पापण्या सुजल्या, एक किंवा दोन्ही डोळे मिटलेले राहिले, प्राणी दिव्यापासून पळून कोपऱ्यात बसायला लागला, खाणं सोडलं, पाठीवरची कातडी लाल किंवा काळपट झाली, तर त्याच क्षणी यूव्हीबी बंद करा. ऊब सुरू ठेवा. डोळ्यात घरातले थेंब घालू नका. सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्या आणि दिव्याचं खोकं सोबत घेऊन जा.

उलट बाजूची लक्षणंही लक्षात असू द्या: बोटांची फडफड, पोट टेकून चालणं, जबड्याची कड मऊ किंवा सुजलेली, शेपटीला अचानक आलेला बाक. यातलं काही दिसलं तर दिवा वाढवून वाट बघत बसू नका. डॉक्टरांकडे जा, कारण रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं जनावर नुसत्या दिव्यानं सावरत नाही. पोपटीला औषधाचं कॅल्शियम कित्येक आठवडे द्यावं लागलं. जबडा कडक झाला. शेपटीचा बाक राहिला तो राहिलाच.

टायमर, लोडशेडिंग, तारीख

बारा तास उजेड, बारा तास मिट्ट काळोख. टायमर लावा, आपण विसरतो. रात्री लाल किंवा निळे दिवे नकोत. पुण्या-नाशिकच्या थंडीत रात्री ऊब लागली तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लावा. लोडशेडिंगमध्ये दोन-तीन तास यूव्हीबी गेला तर काही बिघडत नाही, इन्व्हर्टरवर आधी ऊब घ्या. मात्र वीज आल्यावर टायमरचं घड्याळ मागे पडलं नाही ना, ते बघा.

ट्यूब पेटतेय म्हणजे यूव्हीबी येतोय असं समजू नका. डोळ्यांना दिसणारा उजेड तसाच राहतो आणि यूव्हीबी हळूहळू उतरत जातो. टी५ एचओ वर्षाला बदलायची, टी८ सहा महिने ते वर्षात, कॉम्पॅक्ट सहा महिन्यांत. मीटर असेल तर सुरुवातीच्या आकड्यातला तिसरा हिस्सा उतरला की बदला. मी ट्यूबच्या टोकाला मार्करनं तारीख लिहिते आणि बदलायचा मुहूर्त जूनच्या पहिल्या आठवड्यात धरते. का, ते पुढे येतंच आहे.

खरं ऊन

आपण महाराष्ट्रात राहतो, आणि या बाबतीत लंडनच्या माणसानं हेवा करावा असं ऊन आपल्याला फुकट मिळतं. उन्हाळ्यात दुपारी इथला यूव्ही इंडेक्स ११ च्या वर जातो. कुठलाच दिवा त्याची बरोबरी करत नाही. म्हणून बाल्कनीत किंवा गच्चीवर तारेच्या जाळीचा पिंजरा ठेवा आणि सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान अर्धा-पाऊण तास प्राण्याला थेट ऊन द्या. अर्ध्या पिंजऱ्यावर गोणपाट टाका, पाणी ठेवा आणि शेजारी बसून राहा. कावळे, घारी आणि मांजरं क्षणभरात येतात. काचेची टाकी उन्हात कधीही ठेवू नका. आतली हवा काही मिनिटांत जीवघेणी तापते, आणि हाडांना काही मिळत नाही ते वेगळंच.

आठवड्यातून चार-पाच दिवस असं ऊन मिळत असेल तर घरातला दिवा जोडीला आहे म्हणा. पण जून ते सप्टेंबर आभाळ उतरून बसतं, कोकणात आणि घाटमाथ्यावर तर आठवडेच्या आठवडे. त्या चार महिन्यांत सगळा भार ट्यूबवर येतो. म्हणून नवी ट्यूब पावसाच्या तोंडावर.

खाण्याचं थोडक्यात. दिवा चांगला असेल आणि कॅल्शियमच पोटात जात नसेल तर उपयोग नाही. इग्वानाला शेवग्याचा पाला, जास्वंदाची पानं आणि फुलं, तुतीची पानं, लसूणघास, किसलेला लाल भोपळा. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. वरून भुरभुरायची कॅल्शियमची भुकटी डी३ नसलेली घ्या. डी३ असलेली किती आणि कधी, ते डॉक्टरांना विचारून.

जुनी ट्यूब

तिच्यात पारा असतो. कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या, तोवर नव्या ट्यूबच्या खोक्यात उभी ठेवा. घरात फुटलीच तर खिडक्या उघडा, पंखा बंद करा, प्राण्याला आणि मुलांना बाहेर काढून पंधरा मिनिटं खोली मोकळी सोडा. केरसुणी किंवा व्हॅक्युम वापरायचा नाही, त्यानं पारा हवेत उडतो. हातमोजे घालून जाड पुठ्ठ्यानं काचा गोळा करा, बारीक चुरा ओल्या कागदानं टिपा, आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करून त्याच केंद्रावर द्या. पिंजऱ्यात फुटली असेल तर तळाचा थर, पानं, खाण्याचं ताट सगळं काढून टाका आणि फांद्या ओल्या कागदानं पुसल्याशिवाय प्राण्याला आत सोडू नका.